आदल्या दिवशी शेवटचा

इन्स्टावर एक रील अधूनमधून फिरत असते. तुमच्याही पुढ्यात कधी ना कधी आली असेल. बर्फाच्या चकचकीत मैदानावर एक सडपातळ जपानी मुलगा शेवटची गिरकी घेऊन थांबतो आणि दुसऱ्या क्षणी वरून पाऊस सुरू होतो. पिवळ्या अस्वलांचा. विनी द पूह! शेकडो टेडी प्रेक्षकांतून बर्फावर येऊन पडतात आणि छोट्या छोट्या मुली स्केट्सवर पळत पळत ते गोळा करतात. खाली कमेंट्समध्ये नुसती रडणारी इमोजी.

तो मुलगा म्हणजे युझुरू हान्यू. ९ नोव्हेंबर २०१७ ला ओसाकात सराव करताना चार गिरक्यांच्या उडीनंतर तो वाईट पडला आणि उजव्या घोट्याचे लिगामेंट दुखावले. ऑलिम्पिक तीन महिन्यांवर होतं. मधल्या काळात त्यानं एकही स्पर्धा खेळली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो थेट प्योंगचांगला उतरला, पहिल्या फेरीत १११.६८ गुण घेतले आणि दुसऱ्या दिवशी सलग दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये हे त्याआधी डिक बटनला जमलं होतं, १९४८ आणि १९५२ मध्ये. म्हणजे ६६ वर्षं मध्ये गेली होती. तेवढा पाऊस तर पडायलाच हवा.

आता तुम्ही म्हणाल, नाशिकच्या पोरापोरींना याचं काय? खरंय. आपला बर्फाशी संबंध गोळेवाल्यापुरता, नाहीतर निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवण्यापुरता. पण कमबॅक साजरा करायला बर्फ लागतोच असं कुठाय? त्याच वर्षी, म्हणजे २०१८ मध्येच, आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसानं असाच कमबॅक केला होता. त्याला तीन महिने मिळाले नव्हते. एक रात्र मिळाली होती.

दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही.

नाव ओळखीचं वाटतंय ना? बऱ्याच जणांचं इथंच थांबतं. 'हो हो, तो बोटवाला.' म्हणून जरा सविस्तर सांगते.

चांदवड तालुका पाण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. मुंबई-आग्रा हायवेनं धुळ्याकडे जाताना तुम्ही तो उन्हाळ्यात पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. दत्तूचे वडील विहिरी खोदायचे आणि शाळकरी वयातच दत्तू त्यांच्याबरोबर या कामाला लागला. विहीर खोदणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला विचारा. वर ऊन, खाली खडक आणि पाणी लागेलच याची खात्री नाही. २०११ मध्ये वडील हाडांच्या कॅन्सरनं गेले. घरची जबाबदारी दत्तूवर आली आणि २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. पुण्यात खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये.

तिथं त्याची उंची आणि ताकद बघून त्याला रोइंगला घातलं. पुढचा भाग मला फार आवडतो. या गड्याला पाण्याची भीती वाटायची! खोल पाणी बघायची सवयच नव्हती. पाणी शोधायला खोदत जायचं एवढंच माहीत, पाण्यावर बसून दोन किलोमीटर जायचं हे कुणाच्या ध्यानीमनी? पण सैन्यात 'मला भीती वाटते' हे कारण चालत नाही. तो शिकला. इतका शिकला, की २०१५ मध्ये बीजिंगच्या आशियाई रोइंग स्पर्धेत एकेरीत रौप्यपदक घेऊन आला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला पात्र ठरला. रिओत रोइंगसाठी भारताकडून तो एकटाच होता. त्याच वर्षी आई अपघातात डोक्याला जबर मार लागून अंथरुणाला खिळलेली. पोरगा ऑलिम्पिकला चाललाय हे तिला नीट समजावून सांगायचीही सोय नव्हती. तिथं तो १३ वा आला. शेवटच्या शर्यतीत ६ मिनिटं ५४.९६ सेकंद. हा १३ वा नंबर, लक्षात घ्या, या प्रकारात ऑलिम्पिकमध्ये भारताची तोवरची सगळ्यात चांगली कामगिरी होती.

आता थोडं रोइंगबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शर्यत २००० मीटरची. एकेरीत होडीत एकच जण, दोन हातांत दोन वल्ही. होडी इतकी अरुंद, की नीट बसलं नाही तर कलंडते. नाव वल्ह्याचं असलं तरी खरा जोर पायांचा. बैठक रुळावर मागंपुढं सरकते आणि प्रत्येक ओढीला मांड्या, पाठ, खांदे, दंड सगळं एकदम कामाला लागतं. अशी सात मिनिटं. धावण्यात दमलात तर जरा वेग कमी करता येतो, इथं वल्ह्याची लय चुकली की होडीच अडखळते. आणि अजून एक गंमत. वल्हवणारा पाठमोरा बसतो. शेवटची रेषा त्याच्या पाठीमागं असते. म्हणजे जो पुढं असतो त्याला मागे पडलेले सगळे दिसतात. आणि जो शेवटी असतो, त्याला कुणीच दिसत नाही. समोर फक्त रिकामं पाणी.

२३ ऑगस्ट २०१८, गुरुवार. इंडोनेशियातल्या आशियाई स्पर्धा. रोइंग पालेम्बांगला, जकाबारिंगच्या तलावावर होतं. एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तूकडून पदकाची पक्की आशा होती. तो आजारी होता, अंगात ताप होता. शर्यतीत तो मागे पडत गेला, पडत गेला आणि शेवटच्या टप्प्यात हातांनी साथच सोडली. सगळ्यांच्या शेवटी, बाकीचे कधीच पोचल्यावर, त्याची होडी रेषेला लागली. समोर ते रिकामं पाणी त्यानं किती वेळ बघितलं असेल, विचार करा.

त्या दिवशी भारताच्या पदरात रोइंगमधलं एकही पदक पडलं नाही. सवर्ण सिंग आणि ओमप्रकाश दुहेरीत चौथे आले. चौथं म्हणजे काय हे सीईटीत एका मार्कानं कॉलेज हुकलेल्यांना सांगायची गरज नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांची शर्यत होती. क्वाड्रुपल स्कल्स. एका होडीत चार जण, प्रत्येकाकडे दोन वल्ही, आणि ओरडून लय सांगणारा पाचवा कुणी नाही. त्या चौघांत कोण? सवर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू भोकनळ. म्हणजे चारातले तिघं आदल्या दिवशी हरलेले, त्यातला एक तर पार कोसळलेला.

त्या रात्री त्यांच्या खोलीत काय झालं याचे सिनेमात शोभतील असे संवाद मी तुम्हाला लिहून देणार नाही. सवर्णनं नंतर पत्रकारांना जे सांगितलं ते साधंच होतं. कालचा दिवस वाईट गेला, पण आम्ही सैनिक आहोत, हार मानायला शिकलेलो नाही, सुवर्ण आणायचंच असं ठरवून उतरलो. सवर्ण आणि सुखमीत दोघंही पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातले. मानसा आणि चांदवड, दोन्हीकडं ना समुद्र ना मोठं सरोवर. चौघंही फौजी.

२४ ऑगस्ट, शुक्रवार. भारताची वेळ ६ मिनिटं १७.१३ सेकंद. यजमान इंडोनेशिया ६:२०.५८, थायलंड ६:२२.४१. साडेतीन सेकंदांचं अंतर वाचताना कमी वाटतं. त्या वेगात हिशेब केला तर साधारण १८ मीटर होतात, म्हणजे होडीच्या लांबीपेक्षाही जास्त. घरच्या होडीला ओरडणाऱ्या प्रेक्षकांसमोर हे केलं. आशियाई स्पर्धांच्या इतिहासात रोइंगमधलं भारताचं हे दुसरं सुवर्ण. पहिलं बजरंगलाल ताखरचं, २०१० मध्ये ग्वांगझूला.

या वेळी दत्तू रेषा ओलांडत होता तेव्हा बाकीच्या सगळ्या होड्या त्याच्या डोळ्यांसमोर होत्या.

मग आपण काय केलं? आपण जे नेहमी करतो तेच. पेपरात पहिल्या पानावर फोटो, व्हॉट्सअॅपला स्टेटस, 'नाशिकचा सुपुत्र', 'दुष्काळी भागातल्या पोरानं पाण्यात सोनं काढलं'. ढोल काढायला तर आपल्याला कारणच लागत नाही. नाशिक ढोल म्हणून देशभर वाजतो तो उगीच नाही. आणि वाजवायलाच हवा होता, त्यात काही चूक नाही. हान्यूच्या चाहत्यांनी टेडी फेकले, आपण गुलाल उधळतो. आनंदाची भाषा जिथली तिथली.

मात्र त्या जल्लोषात एक आकडा फार फिरला. १०६. अंगात १०६ अंश ताप असताना सुवर्ण जिंकलं, असं बातम्यांत छापून आलं आणि आपण तेच फॉरवर्ड करत सुटलो. मला तो आकडा तेव्हाही खुपला, आजही खुपतो. ताप नक्की किती होता यावर वाद नाही घालत. पण आपण टाळ्या नेमक्या कशाला वाजवतो? चार जणांनी सहा मिनिटं एका श्वासात वल्ही मारली, त्या एकजुटीला, की एक आजारी माणूस होडीत बसला त्याला? पहिली गोष्ट शिकता येते. दुसरी शिकायला गेलात तर हॉस्पिटलात पोचाल. इंटर कॉलेजच्या मॅचला ताप लपवून उतरणारे आणि गुडघ्याला स्प्रे मारून धावणारे तुमच्या ग्रुपमध्ये असतीलच. त्यांच्या स्टेटसला 'वाघ' म्हणून लिहिणारे आपणच असतो.

हान्यूच्या बाबतीतही हेच झालंय. २०१४ मध्ये शांघायला सरावात तो आणि चीनचा यान हान एकमेकांवर आदळले. दोघंही रक्तबंबाळ. हान्यू डोक्याला पट्टी बांधून परत आला, पुनःपुन्हा पडला, तरी कार्यक्रम पुरा करून रौप्यपदक घेऊन गेला. चाहते रडले. पण त्याच वेळी अनेकांनी विचारलं, की डोक्याला मार लागलेल्या १९ वर्षांच्या मुलाला बर्फावर सोडलंच कुणी? प्योंगचांगच्या सुवर्णाच्या वेळीही तो वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळला, हे त्यानंच सांगितलं. चाहत्याला दोन्ही वाटू शकतं. अभिमानही आणि रागही. राग खेळाडूचा नाही, त्याला थांबवायचं काम ज्यांचं होतं त्यांचा.

दत्तूच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही. म्हणून तो तुम्हाला माहीत नसण्याची शक्यता जास्त.

मार्च २०१९ मध्ये भारतीय रोइंग महासंघानं दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. कशासाठी? त्याच गुरुवारच्या शर्यतीसाठी. एकेरीत त्यानं मध्येच वल्हवणं थांबवलं, असा ठपका ठेवला. दत्तूचं म्हणणं, मी आजारी होतो. जरा थांबून बघा ही काय गंमत आहे. ज्या गुरुवारमुळं त्याचा शुक्रवार आपल्याला इतका मोठा वाटला, तोच गुरुवार महासंघाच्या फायलीत गुन्हा म्हणून नोंदला गेला. टोकियो ऑलिम्पिकची तयारी ऐन भरात असताना हा माणूस होडीबाहेर बसला. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला. म्हणजे एकाच वर्षाच्या आत 'बंदी घातलेला' आणि 'अर्जुनवीर' अशा दोन्ही पाट्या. ऑलिम्पिकला मात्र तो पुन्हा गेला नाही.

या दहा महिन्यांत आपण कुठं होतो? सुवर्णाच्या दिवशी स्टेटस ठेवणारे किती जण बंदीच्या दिवशी एक ओळ तरी लिहून मोकळे झाले? महासंघ चूक की दत्तू चूक, हे बाजूला ठेवा. नियम, चौकशी, दोन्ही बाजू, सगळं असतंच. पण प्रश्न विचारायला तरी कुणी हवं होतं. क्रिकेटमध्ये एखाद्याला टीममधून वगळलं तर आपण रात्री दोनपर्यंत वाद घालतो. कट्ट्यावर निवड समितीला बसवतो आणि उठवतो. रोइंगमध्ये महासंघ नावाची गोष्ट असते हेच आपल्याला ठाऊक नसतं.

फिगर स्केटिंगचे चाहते मला इथं हुशार वाटतात. ते खेळ शिकतात. कुठल्या उडीला किती गुण, कुठं गिरकी अर्धवट राहिली, परीक्षकांनी कुठं हात आखडता घेतला, हे त्यांना पाठ असतं. म्हणून ते हरणाराही साजरा करू शकतात. २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला हान्यू पहिल्या फेरीत बर्फातल्या खळीत ब्लेड अडकून आठवा गेला. दुसऱ्या फेरीत त्यानं क्वाड अॅक्सेल मारायचा प्रयत्न केला. साडेचार गिरक्यांची ही उडी स्पर्धेत कुणालाच जमलेली नव्हती. तो पडला. चौथा आला, पदक नाही. आणि आज त्याच्या चाहत्यांना विचारा, तुमचा आवडता क्षण कोणता? त्यातले कित्येक जण दोन सुवर्णं सोडून ती पडलेली उडी सांगतात. कारण उडी पुरी झाली नसली तरी स्पर्धेत क्वाड अॅक्सेल म्हणून नोंदली गेलेली ती पहिली. हे कळायला खेळ कळावा लागतो.

बोस्टनला २०२५ मध्ये जगज्जेती झालेली अलिसा ल्यू आठवा. सोळाव्या वर्षी 'बस झालं' म्हणून तिनं स्केट्स काढून ठेवले, दोन वर्षं साधी कॉलेजची मुलगी म्हणून जगली आणि मग मजा वाटते म्हणून परत आली. तिच्या निवृत्तीला नावं ठेवणारे होते, पण 'जा, जग' म्हणणारे चाहतेही होते. कमबॅक साजरा करायचा हक्क खरा त्यांचा.

आपल्याकडं असं कुणाच्या वाट्याला येतं? सावरपाड्याची कविता राऊत घ्या. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ. ट्रॅकवर वैयक्तिक राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पाठोपाठ ग्वांगझूला आशियाई रौप्य. तेव्हा 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव शाळकरी पोरांच्याही तोंडी होतं. मग एक्स्प्रेस जरा दिसेनाशी झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं आणि रिओचं तिकीट काढलं. म्हणजे रिओ ऑलिम्पिकला नाशिक जिल्ह्यातले दोघं होते, एक पाण्यावर, एक रस्त्यावर. कविता मॅरेथॉनमध्ये १२० वी आली आणि त्यावर इथं काही लोक हसले. ४२ किलोमीटर कधी धावलात का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तिचा कमबॅक गुवाहाटीत पुरा झाला होता. आपण तो ऑलिम्पिकच्या आकड्यानं मोजला आणि वर नापासही करून टाकला.

तर, तुम्हाला चाहतेच व्हायचं असेल, तर रोइंगपासून सुरुवात करा की. खेळ अवघड आहे, पण बघायला सोपा. कोण पुढं आहे ते लगेच दिसतं, परीक्षकांचे गुण नाहीत, डकवर्थ-लुईस नाही. केटीएचएमच्या मागं गोदावरीत बोट क्लब आहे, आपण कॉलेजरोडवर चहा पीत बसलेलो असतो तिथून किती लांब? वल्ही पाण्यात एकदम पडतात आणि एकदम निघतात तो आवाज एकदा ऐका. चौघांची होडी असेल तर तो आवाज एकच आला पाहिजे, चार नाही. टीव्हीवर हे कळत नाही.

आणि २०१८ च्या त्या चौघांमधला सुखमीत सिंग विसरू नका. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, हांगझूच्या आशियाई स्पर्धेत तो परत त्याच प्रकारच्या होडीत होता. सोबतीला नवे तिघं, सतनाम सिंग, परमिंदर सिंग आणि जाकर खान. या वेळी ब्राँझ मिळालं. वेळ होती ६ मिनिटं ८.६१ सेकंद. पालेम्बांगच्या सुवर्णापेक्षा साडेआठ सेकंद कमी. तलाव वेगळा, वारा वेगळा, त्यामुळं थेट तुलना करता येत नाही, असं रोइंगवाले लगेच सांगतील. पण आकडा तर बघा!

पालेम्बांगच्या शर्यती शोधायला बसलात, तर शुक्रवारची लगेच सापडेल. राष्ट्रगीत, तिरंगा, गळ्यात पदकं, सगळं आहे त्यात. पण आधी गुरुवारची शोधा. शेवटपर्यंत बघा. पहिल्या तिघांवरून कॅमेरा हलला, की लगेच बंद करू नका.